चेहरा आणि टाका : आयर्लंडमधील स्त्रियांच्या निषेधकलेविषयी

कुंचल्याने काढले की ते चित्र आणि सुईने काढले की ते भरतकाम. छिन्नीने घडवले की ते शिल्प आणि बांबूच्या पट्ट्यांनी विणले की ती नुसती टोपली. कलेच्या प्रांतातली ही वाटणी कोणी केली, हा प्रश्न आपल्याकडील सौंदर्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. येणार तरी कसा? ही पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांचे हात कधी कामाने चिरले नाहीत. श्रमाला खालची पायरी देणारी समाजव्यवस्था कलेतही तीच उतरंड मांडते आणि सगळ्यात तळाचे मडके बाईच्या हातकामाचे ठेवते. उर्मिला पवार यांनी २००३ साली आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले, तेव्हा आईच्या हातातले बांबूचे विणकाम आणि आपल्या हातातली लेखणी यांचा धागा एकच आहे, हा दावा त्यांनी केला होता. आपण त्या पुस्तकातली वेदना वाचली, विद्रोह वाचला. शीर्षकातला हा कलाविषयक दावा मात्र आपल्या समीक्षेने पुरेसा उचलून धरला नाही.

तो दावा सोबत घेऊन मी या लेखात एका दूरच्या देशातील कलाकृतींकडे पाहणार आहे. देश आयर्लंड. विषय तेथील स्त्रियांनी गर्भपाताच्या हक्कासाठी केलेल्या लढ्यात कापड आणि छायाचित्र ही दोन माध्यमे कशी वापरली गेली, हा. 'दलित साहित्याच्या नियतकालिकात आयर्लंड कशाला?' असे कोणी विचारील. एक कारण असे की, त्या लढ्याचा चेहरा झालेली स्त्री बेळगावची होती. मी ज्या कॉलेजात शिकवते तेथून बेळगाव तास-दीड तासाच्या अंतरावर आहे आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे पाहुणे त्या बाजूला आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. दुःख भोगणाऱ्याचा चेहरा कोण वापरतो आणि कोणाच्या परवानगीने वापरतो, या प्रश्नाशी आपला जुना संबंध आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. आयर्लंडमध्ये गर्भपात १८६१ च्या ब्रिटिश कायद्याने गुन्हा होताच. ७ सप्टेंबर १९८३ रोजी सार्वमत घेऊन राज्यघटनेत आठवी दुरुस्ती करण्यात आली आणि गर्भाचा व आईचा जगण्याचा हक्क समान मानला गेला. सुमारे ६७ टक्के मतदारांनी तिला कौल दिला. समान हा शब्द कानाला किती गोड लागतो! पण एकाच शरीरात दोन समान हक्क कोंबले की त्यांतला एक बोलणारा आणि एक न बोलणारा असतो. आणि न बोलणाऱ्याच्या वतीने बोलायला धर्मसंस्था, डॉक्टर व न्यायालय असे सगळे उभे राहतात. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९८४ रोजी, ग्रॅनार्ड या छोट्या गावात अ‍ॅन लव्हेट ही पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी मेरीमातेच्या पुतळ्यापाशी एकटीच बाळंत झाली. मूल गेले आणि तीही गेली. १९९२ साली बलात्कारातून गरोदर राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाण्यापासून रोखण्यासाठी सरकार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली आणि त्याच वर्षी प्रवासाचा हक्क सार्वमताने मान्य झाला. म्हणजे गर्भपात पाप, पण बोट पकडून समुद्रापलीकडे जाऊन केला तर चालेल! १९८० ते २०१६ या काळात सुमारे एक लाख सत्तर हजार बायका-मुलींनी हा प्रवास केला. गावात सर्वांना ठाऊक आणि तोंडावर कोणीच काढायचे नाही, असली गोष्ट कशी असते हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता कापडाकडे येते. आयर्लंडमध्ये बाई आणि कापड यांचा संबंध घरगुती हौसेचा कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पडलेल्या भीषण दुष्काळानंतर मठांमधील जोगिणींनी गरीब मुलींना लेस विणायला शिकवले. पोट भरायला तो आधार होता. लिमरिक शहराच्या नावाने ओळखली जाणारी लेस त्याही आधीची, १८२९ पासूनची. त्या लेसने जिचे अंग सजले ती बाई वेगळी आणि जिचे डोळे गेले ती वेगळी. दुसरीकडे त्याच धर्मसंस्थेच्या मॅग्डलेन धुलाईगृहांत 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या मुली-बायका कोंडल्या जात. लग्नाआधी गरोदर राहिलेली, अनाथ, कोणाला नकोशी झालेली, कधी नुसतीच देखणी म्हणून धोकादायक वाटलेली मुलगी तेथे येई आणि बिनपगारी हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी धूत राही. १९२२ नंतरच्या काळात किमान दहा हजार बायका या धुलाईगृहांतून गेल्याचे सरकारच्याच चौकशीतून २०१३ साली पुढे आले आणि त्याच वर्षी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. शेवटचे धुलाईगृह बंद झाले ते १९९६ साली. दुसऱ्याचे मळलेले कपडे धुवायचे आणि वर आपणच मळलेले ठरायचे, हा न्याय आपल्या परीट-धोबी समाजांनीही भोगलेला आहे. त्यामुळे आयर्लंडमधल्या स्त्रीने निषेधासाठी कापड हाती घेतले तेव्हा तिने मऊ, शालीन, 'बायकी' माध्यम निवडले असे जे समजतील त्यांना त्या कापडाचा इतिहास ठाऊक नाही.

२०१५ साली सेसिली ब्रेनन, एथ्ना जॉर्डन व अ‍ॅलिस माहर या चित्रकर्त्री आणि कवयित्री पॉला मीहन यांनी आठवी दुरुस्ती रद्द करण्यासाठी कलावंतांची मोहीम सुरू केली. एप्रिल २०१८ मध्ये, सार्वमताला जेमतेम दीड महिना उरला असताना, लिमरिक येथील एव्हा या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने या मोहिमेने रस्त्यावरून मिरवणूक काढली. अ‍ॅलिस माहर, रेचेल फॅलन, ब्रीडा मेयॉक, ऑन्या फिलिप्स आदींनी बनवलेले मोठाले कापडी बॅनर दांड्यांवर उभारून स्त्रिया चालल्या. ही मिरवणूक कशासारखी दिसत होती हे महत्त्वाचे आहे. ती दोन गोष्टींसारखी दिसत होती. एक, कॅथलिक सणांच्या मिरवणुका, जिच्यात मेरीचे भरजरी निशाण घेऊन पांढऱ्या कपड्यांतल्या मुली चालत. आणि दोन, कामगार संघटनांचे मोर्चे, ज्यांत संघटनेचे नाव व चिन्ह असलेले कापडी बॅनर पुढे असत. ज्या रस्त्यांवर देवाचे कापड फिरत होते त्याच रस्त्यांवर बाईचे कापड फिरले. एखाद्या परंपरेची निंदा करणे सोपे असते. तिचे रूप उचलून आपला आशय त्यात भरणे अवघड. आपले जलसे आठवा. तमाशाचा गण ठेवून त्यातला गणपती काढून टाकणारे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलसाकार हेच करीत होते.

या मिरवणुकीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती रेचेल फॅलनची अ‍ॅप्रनची कल्पना. स्वयंपाकघरातला अ‍ॅप्रन म्हणजे राबणाऱ्या बाईचा गणवेश. तो कमरेला, अगदी कुशीवर बांधलेला असतो. पोट झाकणारे हे फडके तिने मिरवणुकीचे वस्त्र केले आणि त्याला सत्तेचे नाव दिले. वस्तू तीच, जागा तीच, पण आता ती झाकत नाही, बोट दाखवते. यासाठी कोणतेही मोठे तत्त्वज्ञान सांगावे लागत नाही. चौथी शिकलेल्या बाईलाही ते पाहताक्षणी कळेल. माझ्या मते निषेधकलेची ही पहिली कसोटी आहे आणि ती दालनातली पुष्कळ 'प्रायोगिक' कला ओलांडू शकत नाही.

पण कापडाच्या कलेतही वर्ण शिरतो. रेखाटन एकीचे आणि टाके दुसरीचे. अमेरिकेतील ज्यूडी शिकागो या चित्रकर्त्रीने १९८० ते १९८५ या काळात बाळंतपण या विषयावर भरतकामाची मोठी मालिका केली. युरोपच्या चित्रकलेत मरणाची, युद्धाची, वधस्तंभाची चित्रे ढिगाने आणि बाळंत होणाऱ्या बाईचे चित्र जवळजवळ नाहीच, हे तिचे निरीक्षण अचूक होते. मालिकेतील टाके मात्र सुमारे दीडशे स्त्रियांनी आपापल्या घरी बसून घातले. शिकागोने त्यांची नावे कलाकृतीसोबत मांडली, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. तरीही मालिका कोणाच्या नावाने ओळखली जाते? डोके आणि हात यांची ही फारकत आपण जन्मापासून पाहतो आहोत. लिमरिकचे बॅनर या दृष्टीने एक पाऊल पुढे आहेत. मोहिमेत अनेक हात होते आणि ती मोहीम म्हणूनच ओळखली गेली.

२०१६ साली अ‍ॅना कॉसग्रेव्ह हिने काढलेला काळा स्वेटशर्टही कापडच. त्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत 'रिपील', म्हणजे 'रद्द करा', एवढा एकच शब्द होता. तो हातोहात खपला, पैसे चळवळीला गेले, त्याच वर्षी काही खासदार तो घालून संसदेत बसले तेव्हा सभापतींना ते रुचले नाही. याला कला म्हणावे का, या वादात मला रस नाही. बसमध्ये समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या छातीवर तो शब्द वाचून दुसऱ्या एखादीला आपण एकटी नाही असे वाटले असेल तर ते पुष्कळ झाले. एवढेच लक्षात ठेवावे की स्वेटशर्ट विकत घ्यावा लागतो. आणि जो विकत घेता येतो तो विद्रोह बाजाराला चालतो. निळ्या टोप्यांचा आणि गळ्यातल्या पट्ट्यांचा आपल्याकडे काय धंदा झाला आहे ते डिसेंबरात दादरला आणि दसऱ्याला नागपुरात जाऊन पाहावे.

आता छायाचित्र. गर्भपाताच्या प्रश्नात कॅमेरा आधी बाईच्या विरुद्ध बाजूला उभा राहिला, हे विसरता येणार नाही. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाने ३० एप्रिल १९६५ च्या अंकात लेनार्ट निल्सन या स्वीडिश छायाचित्रकाराची गर्भाची रंगीत छायाचित्रे छापली. जगभर ती गाजली. जन्मापूर्वीच्या जीवनाचा चमत्कार म्हणून ती पाहिली गेली. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक गर्भ शरीराबाहेर काढलेले, मृत होते. त्या छायाचित्रांत अंधारात तरंगणारा गर्भ आहे, अवकाशवीरासारखा एकटा आणि स्वयंपूर्ण. आई कोठे आहे? ती काळ्या पार्श्वभूमीत विरून गेली आहे. पुढे गर्भपातविरोधी मंडळींनी गर्भाची असलीच चित्रे फलकांवर चढवली आणि २०१८ साली आयर्लंडमधल्या रस्त्यांच्या खांबांवरही ती लटकत होती. छायाचित्र खोटे बोलत नाही असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा. चौकटीबाहेर कोणाला ठेवायचे हे ठरवूनच ते बोलते.

याला मिळालेले एक प्रसिद्ध उत्तर बार्बारा क्रूगर या अमेरिकन चित्रकर्त्रीचे. एप्रिल १९८९ मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या स्त्रियांच्या मोर्चासाठी तिने एका स्त्रीच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेतले, मधोमध उभे चिरले, अर्धे सरळ आणि अर्धे निगेटिव्हसारखे उलट्या छटांत ठेवले आणि तुझे शरीर ही रणभूमी आहे अशा अर्थाचे शब्द त्यावर लाल पट्ट्यांत चढवले. पोस्टर म्हणून ते जबरदस्त आहे. पण तो चेहरा कोणाचा? मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असा रेखीव, गोरा, नाव नसलेला. रणभूमी म्हणून दाखवलेले शरीर लढाईत कधी गेलेले नाही. रणात पडलेल्या बायकांचे चेहरे तसे रेखीव राहत नाहीत.

आयर्लंडच्या लढ्यात मात्र एक खराखुरा चेहरा आला. सविता हलप्पनवार. बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय ३१. नवऱ्यासोबत गॉलवे येथे राहत होती. सतरा आठवड्यांची गरोदर असताना २१ ऑक्टोबर २०१२ रोजी ती तेथील विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर तिने गर्भपात करावा अशी विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. हा कॅथलिक देश आहे, असे तिला ऐकवण्यात आले. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला ती मरण पावली. नोव्हेंबरच्या मध्यावर 'आयरिश टाइम्स'ने ही बातमी छापली आणि त्याच आठवड्यात तिचे हसरे छायाचित्र मेणबत्त्यांसोबत डब्लिनच्या रस्त्यावर आले. पुढची साडेपाच वर्षे ते खाली गेले नाही. मे २०१८ मध्ये एसेस या चित्रकाराने डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातल्या एका भिंतीवर तोच चेहरा रंगवला, त्यावर 'होय' असा कौल देणारा इंग्रजी शब्द लिहिला. लोकांनी त्या भिंतीवर शेकडो चिठ्ठ्या चिकटवल्या. त्यांत तिची माफी मागणाऱ्या चिठ्ठ्या पुष्कळ होत्या. डब्लिन शहराच्या ग्रंथालयाने त्या दप्तरात जतन केल्या आहेत. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. १ जानेवारी २०१९ पासून बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात तेथे कायदेशीर झाला.

या छायाचित्राची ताकद कशात होती? ते निषेधासाठी काढलेलेच नव्हते. आपल्या सर्वांच्या घरी असते तसे ते आनंदाच्या क्षणाचे होते. जगण्याची ज्याला सवय आहे असा तो चेहरा होता, म्हणून त्याचे मरण अन्याय वाटले. हे मी नाकारत नाही. सविताच्या आईवडिलांनी आणि नवऱ्याने ते वापरू दिले आणि २०१८ साली तिच्या वडिलांनी बेळगावहून आयर्लंडच्या मतदारांना 'होय' म्हणण्याचे आवाहनही केले. तेव्हा परवानगीचा मुद्दा उपस्थित करून त्या लोकांच्या दुःखावर शंका घेण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न पाहणाऱ्यांविषयी आहे. सुशिक्षित, नोकरदार, पासपोर्टधारी, हसरी. आयर्लंडच्या मध्यमवर्गाला तिच्यात आपली शेजारीण दिसली. ती तशी नसती तर?

याचे उत्तर कल्पनेने द्यावे लागत नाही. २०१४ साली त्याच देशात एक तरुण मुलगी आश्रय मागायला आली. कागदपत्रांत तिला 'मिस वाय' म्हणतात. मायदेशी तिच्यावर बलात्कार झाला होता आणि आयर्लंडला पोहोचल्यावर आपण गरोदर आहोत हे तिला कळले. तिला गर्भपात हवा होता. परंतु आश्रितांना देश सोडून इंग्लंडला जायला कागद लागतात आणि पैसा लागतो; तिच्याकडे दोन्ही नव्हते. ती आत्महत्येच्या टोकाला गेली, तिने अन्नपाणी सोडले आणि अखेर सुमारे पंचविसाव्या आठवड्यात पोट फाडून मूल बाहेर काढण्यात आले. सविता मेल्यानंतर घाईने केलेला २०१३ चा कायदा तेव्हा लागू होता! मिस वायचे छायाचित्र नाही. असूही नये, नाव झाकणे हेच तिचे संरक्षण आहे. पण छायाचित्रावर उभ्या राहिलेल्या चळवळीत ज्याचे छायाचित्र निघू शकत नाही त्याची जागा कोठे?

डिसेंबर २०१५ मध्ये 'एक्साइल प्रोजेक्ट' या नावाने काही स्त्रियांनी एक छायाचित्रमालिका सुरू केली. गर्भपातासाठी देशाबाहेर जावे लागलेल्या स्त्रियांनी आपले चेहरे उघडपणे कॅमेऱ्यासमोर धरले. साधी, सरळ, डोळ्यांत पाहणारी छायाचित्रे. येथे चेहरा मेलेल्या बाईचा नाही आणि भाड्याने आणलेल्या मॉडेलचाही नाही. जिचे दुःख तिचाच चेहरा आणि तो दाखवण्याचा निर्णयही तिचाच. कायदा तुम्हाला लपायला सांगतो तेव्हा असे उभे राहणे ही मोठी गोष्ट आहे. तरी या मालिकेची मर्यादा तिच्या विषयातच आहे. ती प्रवास केलेल्यांची आहे. जिला प्रवास करता आला नाही ती या भिंतीवर येऊच शकत नाही. २०१७ साली स्थलांतरित आणि वांशिक अल्पसंख्य स्त्रियांनी 'मर्ज' नावाची स्वतंत्र संघटना काढली ती याच पोकळीतून. एका काळ्यासावळ्या बाईचा चेहरा भिंतीवर आणि जिवंत काळ्यासावळ्या बायका व्यासपीठाच्या खाली, ही विसंगती त्यांना दिसत होती.

आणखी एक तारीख या संदर्भात नोंदवली पाहिजे. ११ जून २००४. त्या दिवशी सार्वमताने आयर्लंडने जन्माने मिळणारे नागरिकत्व काढून घेतले. आफ्रिकेतल्या बायका केवळ बाळंत व्हायला आमच्या देशात येतात, असा तेव्हाचा प्रचार होता. सुमारे ७९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले. गोऱ्या आयरिश बाईने मूल जन्माला घातलेच पाहिजे आणि काळ्या बाईचे मूल आमचे नव्हे, ही दोन्ही विधाने एकाच घटनेत काही वर्षे सुखाने शेजारी नांदली. मूल नाकारण्याचा हक्क ही अर्धीच गोष्ट आहे. मूल होऊ देण्याचा, त्याला माणूस म्हणून वाढवण्याचा हक्क ही उरलेली अर्धी. आयर्लंडच्या कलावंतांनी पहिल्या अर्ध्यासाठी उत्तम बॅनर शिवले. दुसऱ्या अर्ध्याचे कापड अजून कोरे आहे असे मला वाटते.

येथे पुन्हा टाक्याकडे वळावे लागते. चेहरा मागते ते छायाचित्र. कापड मात्र चेहरा न मागता माणसाला हजर करते. आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाची भटकी जमात आहे. शतकानुशतके गावाबाहेर राहिलेली, शाळेत वेगळी बसवली गेलेली. तिला स्वतंत्र वांशिक गट म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती थेट १ मार्च २०१७ रोजी. या जमातीतल्या बायका कमरेला एक खिसा बांधत. त्यावर मणी, बटणे, बिल्ले, पदके असे जे जे जवळच्या माणसांकडून मिळेल ते शिवलेले असे. आपल्याकडच्या बायकांच्या चंचीची आठवण व्हावी अशी वस्तू. तो खिसा म्हणजे एका बाईच्या नात्यागोत्यांचा, लेकराबाळांचा, गेलेल्यांचा लेखाजोखाच. अक्षर न येणाऱ्या बाईने ठेवलेली ही वही आहे. अ‍ॅप्रनला मिरवणुकीत मान मिळाला, तसा या खिशालाही मिळायला हवा. तोवर आयर्लंडच्या वस्त्रकलेची परंपरा पुरी सांगितली असे म्हणता येणार नाही.

हे सगळे वाचताना आपल्याकडचे काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. आपल्याकडे कायदा सोपा आहे. गर्भपात १९७१ पासून ठरावीक अटींवर कायदेशीर आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. या देशात दलित, आदिवासी बाईच्या कुशीवर सक्ती येते ती बहुधा उलट बाजूने. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत तेरा बायका मेल्या. त्यांतल्या एका शिबिरात एका दिवसात, काही तासांत, ८३ बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. आणि आपल्या बीडमध्ये? ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ साली सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायकांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. ज्या देशात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९३८ साली त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव त्याच विधिमंडळात मांडला, त्या देशातली ही आकडेवारी आहे. तो ठराव फेटाळला गेला होता.

या बायकांची छायाचित्रे निघाली. बिलासपूरची निघाली, बीडची निघाली. डोक्यावर पदर, समोर औषधांच्या चिठ्ठ्या, नजर खाली. वर्तमानपत्रांनी ती छापली आणि प्रदर्शनांतही ती लागतात. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी कॅमेरा बाहेरून आलेला असतो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. आपल्या वाट्याला आलेली छायाचित्रकला ही अशीच आहे. अत्याचार झाला की आपले छायाचित्र निघते. जगतो तेव्हा निघत नाही. सविताचे छायाचित्र तिच्या आनंदाचे होते, हा फरक आता नीट दिसेल.

आपल्या स्वतःच्या साहित्यालाही येथे प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या विद्रोही कवितेत कूस, गर्भ, आईची ओटी हे शब्द किती आले! व्यवस्थेच्या गर्भात स्फोट झाला, इतिहासाची कूस फाटली. प्रतिमा म्हणून त्या गाजल्या आणि आम्ही त्या भाषणांत टाळ्या घेत वापरल्या. पण प्रत्यक्ष कुशीचे काय झाले, पिशवी काढल्यावर पंचवीस-तिशीतल्या बाईची कंबर कशी धरते, भारा उचलताना ती काय करते, यावर त्या मानाने किती ओळी लिहिल्या गेल्या? प्रतिमेला दुखत नाही. क्रूगरच्या रेखीव चेहऱ्यावर मी वर जो आक्षेप घेतला तोच येथेही लागू आहे आणि आपले म्हणून त्यातून सूट देता येत नाही.

आमच्या भागात गोधडीला वाकळ म्हणतात. माझ्या आईला सही करता येत नव्हती, पण कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे हे ती अंधारात बोटाने सांगे. मेलेल्या चुलतीचे लुगडे, धाकट्याचे बाळोते, बापाच्या गिरणीतल्या शर्टाची बाही. एखादी वाकळ उलगडून ती घरातल्या बाळंतपणांचा हिशेब देई. किती झाली, किती राहिली. ही वाकळ आता शहरांतल्या दुकानांत 'पारंपरिक' म्हणून मोठ्या किमतीला विकली जाते आणि कलावंत मंडळी तिच्यावर प्रबंध वाचतात. उद्या एखादी संस्था ऊसतोड बायकांना रंगीत दोरे वाटून निषेधाची वाकळ शिवून घ्यायला निघेल, तेव्हा लिमरिक आणि डब्लिनचा अनुभव उपयोगी पडेल. रेखाटन कोणाचे, हे आधी विचारावे. टाके घालणारीचे नाव किंवा तिला नको असेल तर नाव न लिहिण्याचा तिचा निर्णय कापडावर यावा. चेहरा मागू नये; तिने दिला तर तो कसा दिसेल हे तिने ठरवावे. आणि शिवणकामाच्या दिवसांची मजुरी, खाड्यासकट, रोख द्यावी.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्रे, भांडी, कोयते, लेकरे आणि सगळ्यात वर, घडी करून, वाकळा चढतात.